दाणे टाकू नका, काकू

परसदारी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच पक्ष्याबद्दल आहेत, आणि चारही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून आली आहेत. तो म्हणजे टर्की, कोंबडीच्या घराण्यातला इथला मोठा रानपक्षी. मे महिना आहे, टर्कींच्या विणीचा हंगाम ऐन भरात आहे, त्यामुळे हे साहजिकच. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. तो प्रश्न एकेकाळी माझाही होता.

प्रश्न : मी वाईची. वय ७२. मार्चच्या मध्यात मुलाकडे श्रूजबरीला आले, सहा महिन्यांसाठी. वाईला रोज सकाळी पहिली पोळी कावळ्याला आणि गच्चीवर पोपटांना मूठभर दाणे, हा माझा ४० वर्षांचा नेम. इथे बर्फात सात-आठ टर्की हिंडताना दिसले, म्हणून डेकच्या पायरीशी तांदूळ आणि मका टाकायला लागले. आता रोज साडेसहाला वीस-बावीस येतात. त्यातला एक मोठा नर गेले पंधरा दिवस पिसारा फुलवून ड्राइव्हवेवर उभा राहतो आणि माझ्या सात वर्षांच्या नातवाला बसपर्यंत जाऊ देत नाही. मंगळवारी त्याच्या दप्तरावर चोच मारली. सूनबाई म्हणते, आई, दाणे बंद करा. मुक्या जिवाला घास घालणं चुकीचं कसं? आणि मी बंद केलं तर ते उपाशी नाही का मरणार?

उत्तर : काकू, नमस्कार.

सूनबाईंचं ऐका. उद्या सकाळपासून एक दाणाही टाकू नका. ते उपाशी मरणार नाहीत, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगते.

मे महिन्यात टर्कीला काय कमी? कोवळं गवत, अंकुर, किडे, गोगलगाई, गेल्या वर्षीच्या पाचोळ्याखाली राहिलेल्या बिया. पायानं पाचोळा उकरायचा, एक पाऊल मागं सरायचं आणि उघड्या जागेत टिपायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. आपल्याकडच्या गावठी कोंबड्या उकिरड्यावर करतात तेच. सप्टेंबरपासून ओकची फळं पडायला लागतात, त्यांना इथे एकॉर्न म्हणतात. ती टर्की अख्खी गिळतात. त्यांच्या पोटातली अन्न भरडणारी पिशवी इतकी ताकदीची असते की ते टणक कवच आतच फुटतं. थंडीतही ते तग धरतात. बर्फ भुसभुशीत आणि खोल असला की खाली उतरतच नाहीत, झाडावर अंग चोरून बसतात. आठवडाभर पोटात काही नसलं तरी धडधाकट पक्षी निभावून नेतो. मार्चमध्ये तुम्हाला दिसलेले सात-आठ टर्की उपाशी म्हणून हिंडत नव्हते. हिंडणं हेच त्यांचं जेवण शोधणं.

आता घास घालणं चुकीचं कसं, ते. यासाठी तुम्हाला या पक्ष्याची इथली गोष्ट सांगायला हवी.

मुलाच्या घरामागच्या झाडीत कधी गेलात का? गेलात तर दगडी गडगे दिसतील, कोकणात असतात तसेच. ऐन जंगलात गडगे कशाला? कारण ते एके काळी शेतांचे बांध होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या राज्यातलं बहुतेक जंगल तोडून तिथे शेती आणि कुरणं झाली होती. झाडं गेली, वर बंदूक आली. या राज्यातला शेवटचा रानटर्की माउंट टॉम या डोंगरावर १८५१ साली संपला. पुढे सुमारे १२० वर्षं इथे त्यांचा जम पुन्हा बसला नाही. दरम्यान शेतकरी पश्चिमेकडच्या सुपीक जमिनींकडे निघून गेले, पडीक शेतांत झाडं पुन्हा उभी राहिली, गडगे तेवढे मागे उरले.

जंगल परतलं, मग पक्षी परत आणावा असं लोकांना वाटलं. १९११ ते १९६७ या काळात तसे अनेक प्रयत्न झाले. बहुतेक वेळा माणसांनी फार्मवर वाढवलेले टर्की रानात सोडले, आणि ते जगले नाहीत. त्यांना दाणे माहीत होते, एकॉर्न माहीत नव्हते. कोल्हा दिसला की काय करायचं, रात्री कुठल्या फांदीवर बसायचं, हे पिल्लू आईच्या मागे हिंडून शिकतं. ती आई त्यांना मिळालीच नव्हती. शेवटी १९७२ आणि १९७३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या रानातून, माणसाच्या हातचं कधी न खाल्लेले ३७ पक्षी जाळ्यात पकडून आणले आणि बर्कशायरच्या डोंगरात सोडले. ३७, काकू. नातवाच्या स्कूल बसमध्ये मावतील एवढे. १९७८ पर्यंत ते हजाराच्या घरात गेले. मग त्यांच्यातलेच पक्षी पकडून १९९६ पर्यंत राज्याच्या इतर भागांत नेऊन सोडले. आज मॅसॅच्युसेट्समध्ये ३०,००० च्या वर रानटर्की आहेत.

माणसाच्या हातून दाणे खाल्लेले मेले आणि न खाल्लेले जगले. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मी १९९६ च्या ऑगस्टमध्ये या राज्यात आले, बॉस्टनच्या पश्चिमेला याच घरात. २०१५ चा फेब्रुवारी इथलं कुणी विसरणार नाही. त्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये नऊ फुटांच्या आसपास बर्फ पडला. आमच्या मागच्या पाइनवर १४ टर्की तीन दिवस बसून होते, पाठीवर बर्फाचा थर. मला बघवेना. मी फावड्यानं डेकसमोर चटईएवढी जागा मोकळी केली आणि मका टाकला. चौथ्या दिवशी ते उतरले. त्यात एक तरुण नर होता, त्याच्या डाव्या पायाचं मधलं बोट नव्हतं. बर्फावर त्याचा माग लगेच ओळखू यायचा, एक ठसा पूर्ण बाणासारखा आणि एक मधूनच तुटलेला. एप्रिलपर्यंत तो माझ्या हातावरचे दाणे टिपायचा. इतक्या हलक्या चोचीनं, की तळव्याला टोचायचंही नाही. मी घरी फोन करकरून सांगत होते.

मे महिन्यात शेजारचे ८० वर्षांचे आजोबा वॉकर घेऊन मेलबॉक्सपाशी गेले. तो त्यांच्यावर झेपावला. ते पडले, मनगट मोडलं. मी दाणे थांबवले, पण उशीर झाला होता. माणूस म्हणजे मका आणि गाडीतून माणूस उतरतो, एवढं तो शिकून चुकला होता. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या थांबवू लागला. जूनच्या एका सकाळी एक गाडी थांबली नाही. मी गेले तेव्हा तो कडेला पडलेला होता, पिसं अजून तांब्यासारखी चमकत होती. पाय बघितला. डावा होता, मधलं बोट नव्हतं.

त्या आजोबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यामुळे ते अजून जास्त लागतं.

म्हणून तुमचा प्रश्न मला परका नाही. काकबळी, गोग्रास, मुंग्यांना साखर, हे आपल्या हाडीमाशी आहे आणि ते चांगलंच आहे. वाईच्या कावळ्याला तुम्ही पोळी ठेवता, तो उचलतो आणि उडतो. तो शेकडो पिढ्या माणसांच्या वस्तीतला आहे. रानटर्कीचं तसं नाही. त्यांच्या थव्यात कोण कुणाला टोचणार याची पक्की उतरंड असते, आणि ती रोज तपासली जाते. माणूस रोज दाणे घेऊन आला, त्यांच्यात वावरला, त्यांना वाट करून देत मागे सरला, की तोही त्यांच्या हिशेबात उतरंडीत येतो. मार्च ते मे नराच्या अंगात जोर असतो. तो आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरच्याला दाबून बघतो, आणि तुमच्या ड्राइव्हवेवर सगळ्यांत खालची पायरी सात वर्षांच्या मुलाची आहे. तो नर दुष्ट नाही. तुमच्या नातवाला तो थव्यातलं धाकटं पोर समजतो आहे.

तेव्हा ती पायरी बदलायची, आणि ते मोठ्यांनी करायचं. पंधरा दिवस घरातल्या कुणीतरी नातवासोबत बसपर्यंत जा. हातात खराटा किंवा मोठी छत्री ठेवा. नर समोर आला की मागे सरू नका, पाठ फिरवून पळू तर मुळीच नका. अंग ताठ करून, मोठ्यानं ओरडत सरळ त्याच्याकडे चालत जा. छत्री त्याच्या तोंडासमोर फाडकन उघडा. तरी हटला नाही तर खराटा जमिनीवर आपटत पुढे व्हा, बागेच्या नळीनं पाणी मारा. मॅसवाइल्डलाइफ हे इथलं वन्यजीव खातंही हेच सांगतं : तुम्ही घाबरलात, असं त्यांना दाखवू नका. त्याला इजा करायची नाही, फक्त वाट आपली आहे हे कळलं पाहिजे. तुमची उंची कमी असली तरी काळजी करू नका. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे आणि खराटा पुरतो.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी करायचं. मुलगा हाकलतो आहे आणि तुम्ही मागच्या दारानं मूठभर टाकता आहात असं झालं तर तो नर अजून बिथरेल. शेजारी कुणी दाणे टाकतात का, तेही सूनबाईंना विचारायला सांगा. बर्ड फीडर असेल तर तो काही आठवडे उतरवा, खाली सांडलेले दाणे झाडून घ्या. पहिले आठ-दहा दिवस थवा साडेसहाला येऊन पायरीशी उभा राहील. दाराकडे बघेल. तुमचा जीव तुटेल, ते मी समजू शकते. त्या वेळी पुढच्या खोलीत बसा. ते पांगतील.

एवढं करूनही तो अंगावर येतच राहिला, तर गावाच्या प्राणी-नियंत्रण अधिकाऱ्याला फोन करायला सांगा. पकडून दुसरीकडे नेऊन सोडायचं मात्र मुलाच्या मनात आलं तरी करू देऊ नका, ते बेकायदा आहे.

राहिला तुमचा नेम. अंगणात ओकचं झाड आहे का? असलं तर त्याखालचा पाचोळा यंदा उचलू देऊ नका. लॉनवाल्याला तेवढा तुकडा सोडायला सांगा. त्या पाचोळ्यात टर्कीला जे मिळतं ते तुमच्या तांदळात नाही. तुम्ही सप्टेंबरमध्ये परतण्याआधी एकॉर्न पडायला लागतील. नातवाला घेऊन दहा-बारा गोळा करा, पाण्यात टाका, बुडतील ते चांगले. कुंडीत आडवे ठेवून इंचभर माती घाला, वर जाळी लावा, नाहीतर खार रात्रीत काढून नेईल. थंडीभर कुंडी बाहेरच राहू द्या. पुढच्या वसंतात उगवलं की नातू फोन करून सांगेल.

प्रश्न : नवीन काळी गाडी घेतली आणि आठवड्यात एका टर्कीनं दारावर चोची मारून रंग उडवला. माझ्याच गाडीवर राग का? बर्लिंग्टनमधला एक वाचक.

उत्तर : काळ्या चकचकीत दारात त्याला दुसरा नर दिसतो. तो पिसारा फुलवतो, समोरचाही फुलवतो. तो पुढे येतो, समोरचाही येतो, आणि मागे कुणीच हटत नाही. जूनच्या मध्यापर्यंत गाडी गॅरेजमध्ये ठेवा. गॅरेज नसेल तर जुनी चादर दारांवरून खालपर्यंत सोडून खिडकीत अडकवा. आमच्याकडे जुनी सोलापुरी चादर आहे, दरवर्षी तीच निघते. तळघराची जमिनीलगतची खिडकी असली तर तिलाही आतून नाही, बाहेरून काहीतरी लावा. आतून पडदा लावला की काच अजून आरसा होते.

प्रश्न : मी नऊ वर्षांची आहे. टर्की मोराचा भाऊ आहे का? त्याच्या डोक्याचा रंग कसा बदलतो? आणि त्याचं नाव टर्की देशावरून का आहे? माझी आजी म्हणते तुम्हाला विचार.

उत्तर : बाळा, सख्खा भाऊ नाही, पण एकाच मोठ्या घराण्यातला आहे. मोर, रानकोंबडा, तितर, लावा आणि टर्की, सगळे त्या घराण्यातले. फरक बघायचा असेल तर पिसाऱ्याकडे नीट बघ. मोराचा लांब पिसारा ही खरी शेपटी नसते, ती शेपटीच्या वरची लांबलेली पिसं असतात. टर्कीचा पंखा मात्र त्याच्या खऱ्या शेपटीचा, साधारण १८ पिसांचा. मोजून बघ, पण खिडकीतून. पंख्यातली मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसली तर तो अजून पोरगा आहे. पूर्ण मोठ्या नराचा पंखा एकसारखा गोल असतो.

त्याच्या डोक्यावर पिसं नसतात, नुसती कातडी. रागावला, घाबरला किंवा मादीपुढे नाचायला लागला की कातडीतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त कमी-जास्त होतं आणि डोकं लाल, पांढरं, निळं असं बदलतं. जपानी भाषेत टर्कीचं नावच ‘सात चेहऱ्यांचा पक्षी’ असं आहे.

आता नावाची गंमत. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या लोकांनी तो फार पूर्वी पाळला, तिथून स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला. इंग्रजांना वाटलं तुर्की व्यापाऱ्यांकडून येणारा पक्षी तो हाच, म्हणून टर्की. फ्रेंच म्हणाले हा इंडियाचा, म्हणून ‘दँद’. तुर्कस्तानातले लोक त्याला चक्क ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’, आणि आपल्याकडे तो त्यांच्याच गोव्यातून आला. जहांगीर बादशहानं मुकर्रब खान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं. तो १६१२ मध्ये जे अजब प्राणी घेऊन दरबारात आला, त्यात हा होता. बादशहाला तो इतका नवा होता की त्याचं नावही माहीत नव्हतं. त्यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं : लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, मोरासारखा नाचतो, आणि डोकं सरड्यासारखं रंग बदलतं, कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं. मन्सूर नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आजीला सांग, कॉम्प्युटरवर शोधून दाखव. मग तुझ्या अंगणातला समोर ठेवून तूही काढ. चित्र पाठवलंस तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : पुढच्या पायरीजवळच्या झुडपाखाली टर्कीची मादी अंड्यांवर बसली आहे. काल ती उठली तेव्हा मोजली, ११ आहेत. आमच्याकडे कुत्रा आहे, आणि या शनिवारी घरी ३० माणसं जेवायला आहेत. काय करू? फ्रॅमिंगहॅममधली एक वाचक.

उत्तर : पाहुण्यांना मागच्या दारानं बोलवा. अंडी हलवू नका, जवळ जाऊन पुन्हा मोजू नका. तुमच्या पायांचा वास धरून रॅकून किंवा स्कंकसारखा अंडी खाणारा प्राणी तिथवर पोचू शकतो. कुत्र्याला पट्टा लावून दुसऱ्या बाजूनं न्या. त्या झुडपाभोवती दहा-पंधरा फूट गवत कापायला देऊ नका, पंप किंवा ब्लोअर लावू देऊ नका. वारंवार दचकली तर मादी घरटं कायमचं सोडते.

ती साधारण २८ दिवस बसते. दिवसातून एकदा थोडा वेळ खायला उठते, तेवढाच काळ अंडी उघडी असतात. ती अंडी सोडून कायमची निघून गेली असं समजून हात लावू नका. पिल्लं एकाच दिवसात पाठोपाठ बाहेर येतील, बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना घेऊन झाडीत जाईल. दोनेक आठवडे पिल्लांना झाडावर चढता येत नाही, तेव्हा ती रात्री जमिनीवर पंख पसरून त्यांच्यावर बसते. या काळात कुत्रा रात्री मोकळा सोडू नका.

ती गेल्यावर पुढचं दार उघडा. टरफलं तिथेच असतील, पिवळसर, तपकिरी ठिपक्यांची.